एकाच सिलिंडरची कॉइल परत परत जायलीय? आधी प्लगच्या होलमध्ये टॉर्च मारा

तीन पावसाळ्यांत माझ्या गाडीची दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, तीनदा गेली. एक, तीन आणि चार नंबरच्या कॉइल कंपनीतून आलेल्या, त्या अजून तशाच चालतायत. दोन वेळा मी गॅरेजमध्ये पैसे मोजून नवीन बसवून घेतली. तिसऱ्यांदा घरीच उघडली आणि खरं दुखणं तेव्हा सापडलं. आमच्या बेळगाव-खानापूर भागात पावसाळा, घाट आणि जुन्या पेट्रोल गाड्या या तिन्हींची गाठ पडते. त्यामुळे हा त्रास बऱ्याच जणांना असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिल्या वेळी गोव्याहून परत येत होतो. केरी सोडून चोर्ला घाटाचा चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडीनं हिसका मारला. पाय सैल केला की शांत, दाबला की परत हिसके. मीटरवरचा पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. कणकुंबीला आत्याच्या दारात गाडी लावली आणि पंधरा मिनिटांनी परत चालू केली, तर काहीच नाही. गाडी जाग्यावर अगदी शिस्तीत चालत होती. दुसऱ्यांदा हेच तवंदी घाटात झालं, कोल्हापूरहून येताना. तिसऱ्यांदा जांबोटीच्या रस्त्यावर, झोडपणाऱ्या पावसात.

तिन्ही वेळा चढच का, हे आधी समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइल काही हजारांवर, गरज पडली तर तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत नेते आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पाडते. ३००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना, हे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा चालतं. गाडी उभी असताना सिलिंडरमध्ये हवा कमी, दाब कमी, त्यामुळे थोड्या व्होल्टेजवर ठिणगी उडी मारते. चढाला पाय दाबला की सिलिंडर हवेनं भरतो, दाब वाढतो आणि तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. तेव्हा प्लगवर बसणाऱ्या कॉइलच्या रबरी नळीला बारीक जरी भोक असलं, तरी वीज प्लगच्या टोकाकडे न जाता त्या भोकातून बाजूच्या अॅल्युमिनियमला पळते. तिला जवळची वाट पाहिजे असते. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर दोष दिसत नाही आणि मिस्त्री म्हणतो, ‘गाडी तर चांगली हाय की.’

दिवा नुसता लागून राहिला असेल तर हळूहळू घरी येता येतं. लुकलुकत असेल तर तसंच दामटू नका. जळलं नाही ते पेट्रोल सायलेन्सरच्या लायनीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी तापून वितळते. तो खर्च चार कॉइलच्या कितीतरी पट आहे.

आता कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे पेटायचं चुकवतोय, ते कसं ओळखायचं. पूर्वी गाडी चालू ठेवून एकेक प्लगची वायर उपटून बघायची पद्धत होती, आणि अजून काही जण कॉइलवर तेच करतात. कृपा करून करू नका. झटका जबरदस्त बसतो. शिवाय वीज जायला वाट उरली नाही की कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फाटतं, म्हणजे चांगली असलेली कॉइलही आपणच मारतो. कॉइल बाहेर काढून, प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघणं हाही तसलाच प्रकार, त्यात पेट्रोलच्या वाफेची भर. त्यापेक्षा ब्लूटूथवर मोबाईलला जोडणारा छोटा स्कॅनर मिळतो, तो घ्या. स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट असतं. तो बिघाडाचा कोड दाखवतो. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिसिंग, पी०३०२ म्हणजे दोन नंबर, याप्रमाणे. पी०३०० आला तर मिसिंग एका जागेवर नाही, फिरतंय. पी०३५१ ते पी०३५४ आले तर खुद्द कॉइलच्या सर्किटमध्ये गडबड, तेव्हा कॉइलइतकाच वायरिंगवरही संशय घ्यायचा. आडव्या इंजिनात एक नंबर बहुधा टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूला असतो, तरी आपल्या गाडीचं पुस्तक बघून खात्री करा.

काही जुन्या गाड्यांत चार सिलिंडरला दोनच कॉइल असतात, एक आणि चारला मिळून एक, दोन आणि तीनला मिळून एक. त्यांत कॉइल गेली की दोन सिलिंडर एकदम पडतात. आणि डिझेल गाडीवाल्यांनी इथंच थांबलं तरी चालेल, डिझेलला ठिणगी लागतच नाही.

नंबर कळला की नवीन कॉइल आणायला पळू नका. अदलाबदल करा. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर. वायरचे सॉकेट जिथल्या तिथं ठेवायचे, फक्त कॉइल फिरवायच्या. कोड पुसा आणि ज्या चढाला हिसके यायचे त्याच चढाला गाडी न्या. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर हलला, कॉइलच खराब. परत पी०३०२ आला तर कॉइल निर्दोष. मग दोन नंबरचा प्लग तीनवर टाकून तसंच बघायचं. प्लगबरोबरही दोष हलला नाही, तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). एवढी परीक्षा फुकटात होते. मल्टिमीटर लावून ओहम मोजायला सांगणारे खूप भेटतात, पण तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तिथं ओहमचा आकडा काहीच सांगत नाही. आणि गरम झाल्यावरच बिघडणारी कॉइल थंडपणी मोजली तर मीटरला चांगलीच दिसणार.

माझ्या पहिल्या दोन्ही वेळा गॅरेजमध्ये इथपर्यंतचं काम बरोबर झालं होतं. कॉइल खराब होती, ती बदलली, गाडी पळाली. पुढं पाच-सात महिन्यांत परत तेच. तिसऱ्या वेळी खानापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन केला. आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची ओळख, त्यांना मी काका म्हणतो. नवीन कॉइल कुठली घेऊ म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, ‘कॉइल कुठली घ्यायची ते ऱ्हाऊ दे. ती कशानं जायलीय ते बघितलास काय? होलमध्ये टॉर्च मारून बघ आधी, आणि बघितल्याबिगर नवी घालू नको.’

रविवारी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर काम सुरू केलं. कॉइल धरणारा बोल्ट बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या गोटी पान्यानं निघतो. त्याआधी सॉकेटचं लॉक. उष्णतेनं हे प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं. ओढताना लॉक तुटलं, की पुढं सॉकेट सैल बसणार आणि नवीन मिसिंग आपणच तयार करणार. सॉकेट आधी कॉइलच्या दिशेनं किंचित आत दाबायचं, मग लॉकवर बोट दाबून मागं घ्यायचं. वायर धरून कधीच ओढायचं नाही. बोल्ट काढल्यावर कॉइल उजवी-डावीकडं पाव फेरा हलवून चिकटलेलं रबर सुटं करायचं आणि सरळ वर उचलायची. पेचकस घालून उचकटलं तर कॉइलचा कान तुटतो.

दोन नंबरची कॉइल वर आली ती चपक असा आवाज करत. रबराचा खालचा तीन बोटं भाग ओला होता, बोटाला काळं, पातळ ऑइल लागलं. एक नंबरची नळी चिमटीत धरली तर कडक आणि कोरडी, ही मात्र भिजलेल्या पोह्यासारखी मऊ आणि फुगलेली. नखानं दाबलं तर नख उमटून राहिलं. उन्हात धरून फिरवल्यावर एका बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं, त्याच्याभोवती राखाडी कडा. मग प्लग काढला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली एक काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. पुसली, पेट्रोलनं घासली, जाईना. वीज त्याच वाटेनं रोज उतरून तिथं कार्बनची पायवाट पडली होती.

ती रेघ बघितल्यावर तीन वर्षांचा हिशेब लागला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या आत प्रत्येक प्लगच्या होलभोवती रबराचं गोल सील असतं. माझ्या गाडीनं ९० हजार किलोमीटर ओलांडले होते, दोन नंबरचं सील कडक होऊन चिरलं होतं आणि थेंब थेंब ऑइल होलमध्ये उतरत होतं. रबर ऑइलनं फुगतं, मऊ पडतं, फुटतं. नवीन कॉइल घातली की नवं रबर काही महिने टिकायचं, मग त्याच डबक्यात कुजायचं. त्यात प्लग जुनाच, कार्बनची पायवाट तयार. दोन्ही वेळा कॉइल बदलली, पण डबकं तिथंच राहिलं आणि प्लगही तोच राहिला.

ऑइल दिसलं तर प्लग लगेच खोलू नका. खोलला की सगळं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. मी औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणली, तिला सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि ओढून घेतलं. अर्धी सिरिंज भरली. उरलेलं काडीला फडकं गुंडाळून टिपलं. होल कोरडा असेल तर नुसती हवा मारा, पण मारा नक्की. तिथं साचलेली वाळू, लाल माती आणि गंजाचे कण प्लग निघाल्यावर थेट आत पडतात. पश्चिमेकडच्या आपल्या रस्त्यांची माती कुठं कुठं शिरते ते सांगायला नको.

प्लग गरम इंजिनावर काढायचा नाही. मी उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये काम करतो, दिवसभर आट्यांशीच संबंध येतो. बीडाचे (ओतीव लोखंडाचे) आटे थोडी जबरदस्ती सोसतात, अॅल्युमिनियमचे सोसत नाहीत. हेडमधले, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागातले आटे गेले तर हेड उतरवणं आलं. प्लग कुरकुरत अडकला तर अर्धा फेरा परत आत घ्या, मग बाहेर, असं मागंपुढं करत आणा. नवीन प्लग बसवताना त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा घालून बोटांनी फिरवत आटे धरायचे. आटे चुकीचे धरले तर नळी घसरते, प्लग फिरत नाही आणि नुकसान टळतं. पाना लावून सुरुवात केली तर चूक कळायच्या आधी आटा कापलेला असतो. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानं. १४ मिलिमीटरच्या प्लगला साधारण २० ते ३० न्यूटन मीटर, बारीक प्लगला त्याहून कमी. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात असतो, तोच धरा. आट्यांना ग्रीस लावू नका, आट्यांना ग्रीस असलं की रेंच तोच आकडा दाखवतो आणि प्लग मात्र जास्त आवळला जातो.

प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या टोकांमधली फट, हा कॉइलचा दुसरा मोठा शत्रू, आणि याच्याकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बऱ्याच गाड्यांत ती ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. टोकं झिजत गेली की फट वाढते, फट वाढली की प्रत्येक ठिणगीला कॉइलला जास्त ताण. माझ्या जुन्या प्लगांत १.४ मिलिमीटरची मोजपट्टी सहज गेली. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायचेच. इरिडियमचे लाखापर्यंत जातात, पण त्यांच्या टोकाला पट्टी घालून गॅप वाकवत बसू नये, बारीक टोक मोडतं. सीएनजी असणाऱ्यांनी तर आणखी जपावं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर गुपचूप चालणारी गाडी सीएनजीवर टाकल्यावर हिसके देत असेल, तर आधी प्लग आणि कॉइलच बघा.

मी चारही प्लग, टॅपेट कव्हरचं गॅस्केट सीलांसकट, आणि एक कॉइल एवढं आणलं. काही गाड्यांत ही सीलं सुटी मिळतात, काहींत कव्हरमध्येच बसवलेली असतात आणि पूर्ण कव्हर घ्यावं लागतं, ते आधी पार्टच्या दुकानात विचारून घ्या. कव्हर बसवताना दोन्ही पृष्ठभाग फडक्यानं कोरडे करायचे. टायमिंग कव्हर आणि हेड जुळतात त्या कोपऱ्यांवर सिलिकॉन सीलंटचा थेंब लावायचा, बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला दोन टप्प्यांत आवळायचे. हे बोल्ट लहान आहेत, दहा न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, जास्त आवळलं तर कव्हर वाकतं आणि गळती परत सुरू. सीलंट वाळायला रात्र द्या.

चारही कॉइल एकदम बदलायच्या का, हा प्रश्न मला शेजारच्या दादांनी गेल्याच आठवड्यात विचारला. माझं मत असं, की कारण सापडलं असेल, म्हणजे ऑइल, पाणी किंवा कुरतडलेली वायर, तर गेलेली एकच बदला. गाडी लाखाच्या पुढं गेली, होल कोरडे आहेत आणि तरीही एकामागून एक कॉइल जायलीय, तर वय झालं, चारही घ्या आणि जुन्यांतली त्यातल्या त्यात बरी डिकीत ठेवा. प्लग मात्र कायम चारही. आणि स्वस्तातली डुप्लिकेट कॉइल घेऊ नका. माझी दुसऱ्या वेळची तसलीच होती, सगळ्यांत कमी टिकली. डबी अस्सल कंपनीची दिसली तरी आतल्या कॉइलवरचा पार्ट नंबर जुन्या कॉइलशी ताडून बघा.

बसवताना रबराच्या नळीच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न जाऊ देणारं) ग्रीस बोटाच्या टोकाएवढं फासलं. त्यानं ओलावा शिरत नाही आणि पुढच्या वेळी नळी चिकटत नाही. साधं बेअरिंगचं ग्रीस चालणार नाही, ते रबर खातं. कॉइल खाली दाबल्यावर प्लगवर टक करून बसल्याचं हाताला कळतं. मग बोल्ट, मग सॉकेट, आणि सॉकेटचाही टक असा आवाज ऐकूनच हात काढा.

ऑइल नाही पण पाणी किंवा गंज दिसला, तर वाट दुसरी. पावसाळ्यात वायपरखालच्या प्लास्टिकच्या खोबणीत आंब्याची, फणसाची पानं साचतात, पाण्याचं भोक बुजतं आणि ते पाणी इंजिनावर ठिबकतं. खानापूर, जांबोटीकडं झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी मृगाच्या आधी ती खोबण उपसून काढावी. सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, ते थेट प्लगच्या होलमध्ये उतरतं. भातकापणीनंतर शेतातले उंदीर गरम बॉनेटखाली येतात. त्या दिवसांत मिसिंग आलं तर कॉइलच्या वायरवर दातांच्या खुणा शोधा. आणि सगळ्याच कॉइल वरचेवर जात असतील तर गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. बहुतेक गाड्यांना १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसतं. १५ च्या वर गेलं तर आधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) तपासा.

रस्त्यातच दिवा लुकलुकायला लागला आणि आजूबाजूला रान असेल, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, इंजिन निवू द्या. स्कॅनर जवळ असेल तर सिलिंडर कळतो. त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सॉकेट हाताला लागत असेल तर इंजिन बंद ठेवून तेवढं काढून टाका. तिथलं पेट्रोल बंद होतं, कन्व्हर्टर वाचतो आणि तीन सिलिंडरवर गाडी थरथरत का होईना, जवळच्या गावापर्यंत पोचते. मी आता एक कॉइल, १० नंबरचा पाना आणि स्कॅनर डॅशबोर्डच्या खणातच ठेवतो. कणकुंबीच्या पुढं मोबाईलला रेंज असेलच असं नाही.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनी दोन नंबरची कॉइल परत उचलून टॉर्च मारली. होल कोरडा होता, तळाशी प्लगचं षटकोनी डोकं लख्ख दिसत होतं. त्याला आता दोन पावसाळे झाले. चोर्ल्याचा चढ तिसऱ्या गिअरवर, चार माणसं आणि आत्यानं दिलेलं तांदळाचं पोतं घेऊन गाडी न हिसकता चढते. यंदाही रोहिणी लागल्या की चारही होलमध्ये एकदा टॉर्च मारणार आहे.